पंख छातीवर, पण वाट जहाजावरून

नाशिकरोडला गांधीनगरच्या आसपास राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज रोजचाच. ती हेलिकॉप्टरं लष्कराची असतात. लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्रच तिथे आहे. ओझरच्या बाजूला सुखोई. त्यामुळे आपल्याकडच्या मुलामुलींच्या डोक्यात 'उडायचं' म्हणजे हवाई दल, फार तर लष्कर, एवढंच येतं. नौदलालाही स्वतःची विमानं आहेत, हेलिकॉप्टरं आहेत, स्वतःचे वैमानिक आहेत, हे कसारा घाट उतरल्यावरच कानावर पडतं.

आणि तरीही देवळालीच्या बार्न्स स्कूलमधून शिकून गेलेला एक विद्यार्थी हेलिकॉप्टर वैमानिक झाला आणि ३१ मे २०१९ रोजी भारताचा नौदलप्रमुख झाला. ॲडमिरल करमबीर सिंग. या पदावर पोहोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक. त्यांच्या आधी तीन वैमानिक नौदलप्रमुख झाले होते: १९८४ मध्ये ॲडमिरल ताहिलियानी, २००४ मध्ये ॲडमिरल अरुण प्रकाश आणि २००६ मध्ये ॲडमिरल सुरीश मेहता. नौदलाच्या हवाई शाखेचा पहिला तळ, कोचीचा आयएनएस गरुड, ११ मे १९५३ चा. तेव्हापासूनच्या जवळपास सात दशकांत चार नावं.

संख्या इतकी कमी का, याचं उत्तर या कारकिर्दीच्या रचनेत आहे. हवाई दलात उड्डाण हेच मुख्य काम. नौदलात ते एक कौशल्य आहे. तोफखाना, दिशादर्शन, संदेशवहन, पाणबुडीविरोधी युद्ध, तसंच उड्डाण. अधिकाऱ्याचं मोजमाप शेवटी त्याने जहाज कसं चालवलं यावर होतं. वरच्या पदावर जायचं तर वैमानिकाला दोन पूर्ण व्यवसाय शिकावे लागतात, आणि त्यासाठी वर्षं मात्र इतरांएवढीच मिळतात.

सुरुवात प्रवेशापासून करू, कारण निम्मी स्वप्नं तिथेच, आणि बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे, मोडतात.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, वर्षातून दोनदा होणारी एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळासमोरच्या चाचण्या आणि मुलाखत. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. वैमानिकासाठी पुढे आणखी दोन दारं आहेत. पहिलं शरीराच्या मापांचं. उंची किमान १६२.५ सेंमी. बसलेल्या स्थितीत उंची ८१.५ ते ९६ सेंमी. पायांची लांबी ९९ ते १२० सेंमी. मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंमी. ही मापं हौसेखातर ठरवलेली नाहीत. पाय आखूड असेल तर शेपटीचं सुकाणू फिरवणारं रडर पेडल पूर्ण दाबलं जात नाही. मांडी लांब असेल तर आसनासह बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. बसून उंची जास्त असेल तर हेल्मेट वरच्या काचेला लागतं. अभ्यासाने यातलं काही बदलत नाही, म्हणून अकरावीतच घरी टेप घेऊन मोजून बघावं.

दुसरं दार संगणकावरच्या वैमानिक निवड चाचणीचं, म्हणजे सीपीएसएसचं. पूर्वीच्या पीएबीटी या चाचणीची जागा तिने घेतली. हात, पाय, डोळे आणि लक्ष एकाच वेळी किती कामं सांभाळतात हे ती तपासते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की वैमानिक म्हणून पुन्हा संधी नाही. आदल्या रात्री न झोपता, प्रवासाने दमून ही चाचणी द्यायला जाणारी मुलं असतात. असं करू नये.

खडकवासल्याच्या एनडीएतली तीन वर्षं झाली की केरळात एळिमला इथल्या नौदल अकादमीत पुढचं प्रशिक्षण आणि समुद्रावरची उमेदवारी. आता महत्त्वाचा फाटा येतो. स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, मिळालेला तरुण अधिकारी वैमानिक व्हायच्या आधी जहाजावर काम शिकतो. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभं राहून वॉच (पाळी) सांभाळतो. वॉच चार तासांचा असतो, फक्त संध्याकाळी चार ते सहा आणि सहा ते आठ असे दोन छोटे डॉग वॉच असतात. त्यामुळे दिवसाचे सहाऐवजी सात वॉच होतात आणि रोज त्याच माणसावर तीच पहाटेची पाळी येत नाही. कप्तान झोपलेला असताना जहाजाची जबाबदारी या वॉचवरच्या अधिकाऱ्याची. समोरचं मालवाहू जहाज आपल्याला आडवं येतंय की मागून जाईल, कोणी वळायचं, कप्तानाला कधी उठवायचं, हे सगळं त्याने ठरवायचं. कप्तानाची खात्री पटली की वॉचकीपिंग सर्टिफिकेट मिळतं. पुढे कधी जहाजाची कमान, म्हणजे कप्तानपद, हवं असेल तर पाया हाच.

शॉर्ट सर्व्हिसमधून थेट वैमानिक म्हणून येणाऱ्यांची वाट वेगळी. पदवीनंतर प्रवेश, अकादमीतलं छोटं प्रशिक्षण आणि मग सरळ उड्डाण. सेवा दहा वर्षं, वाढवून चौदा. उत्तम वैमानिक या वाटेनेही घडतात आणि उड्डाणाचे तास तर त्यांनाच जास्त मिळतात. पण जहाजाच्या कमानीपर्यंत जाणारा जिना स्थायी कमिशनच्या बाजूला आहे. अर्ज भरतानाच हा फरक समजून घ्यावा.

उड्डाणाचे पहिले धडे झाले की प्रवाह ठरतो. हेलिकॉप्टरवाले तामिळनाडूत अरक्कोणमला, आयएनएस राजालीवर, चेतकवर शिकतात. लढाऊ विमानाचे थोडेसे निवडक हॉक या प्रशिक्षण विमानाकडे आणि मग मिग-२९के कडे, म्हणजे गोव्याला आयएनएस हंसावर जातात. बाकीचे डॉर्नियर आणि लांब पल्ल्याच्या पी-८आय सागरी टेहळणी विमानांवर. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाची पहिली महिला वैमानिक तयार झाली ती डॉर्नियरच्या प्रवाहातून.

विमानवाहू नौकेवर मिग उतरवणं हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं. विमान ताशी साधारण २४० किमी वेगाने डेकवर येतं, शेपटीकडचा हूक आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकतो, आणि सुमारे ९० मीटरमध्ये, अडीच सेकंदांत, सगळं थांबतं. गंमत अशी की चाकं टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. कारण हूक सुटला तर पुढच्या दोन-तीन सेकंदांत पुन्हा हवेत जायचं असतं आणि तेवढ्या वेळात मंदावलेलं इंजिन परत जोर धरत नाही. १८ मे १९६१ रोजी जुन्या विक्रांतवर सी हॉक घेऊन पहिल्यांदा उतरणारे भारतीय वैमानिक म्हणजे लेफ्टनंट ताहिलियानी. तेच पुढे नौदलप्रमुख झाले. ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्यवर नौदलाच्या तेजसचं पहिलं अवतरण केलं कमोडोर जयदीप मावळणकर यांनी.

पण नौदलातली बहुतेक डेकवरची अवतरणं हेलिकॉप्टरची असतात, आणि ती विमानवाहू नौकेच्या ऐसपैस डेकवर होत नाहीत. विनाशिकेच्या (डिस्ट्रॉयरच्या) किंवा तिच्याहून लहान अशा फ्रिगेटच्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या चौकोनावर होतात. करमबीर सिंग यांनी चेतक आणि कामोव्ह ही हेलिकॉप्टरं उडवली ते याच जगात. म्हणून यावर जरा थांबतो.

आधी वारा. हेलिकॉप्टरला डेकवर वारा समोरून, थोडा एका अंगाने हवा. अगदी नाकासमोरून आला तर धुराड्याचा गरम धूर आणि हँगरमागचे भोवरे थेट डेकवर येतात. मागून आला तर त्याहून वाईट. तरंगत उभं राहायला जास्त ताकद लागते आणि शेपटी आवरत नाही. आता हिशेब बघा. वारा १५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि जहाज १२ नॉटने वाऱ्याच्या तोंडाकडे चाललंय, तर डेकवर २७ नॉट वारा समोरून. तेच जहाज उलट दिशेने चाललं असेल तर डेकवर फक्त ३ नॉट, तेही मागून. प्रत्येक हेलिकॉप्टरची प्रत्येक जहाजासाठी वाऱ्याची मर्यादा आखलेली असते, दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी. त्या मर्यादेत वारा आणायचा म्हणजे जहाजाला आपली वाट सोडून वळावं लागतं. १२ नॉटने पंधरा मिनिटं भलत्या दिशेला गेलं की जहाज तीन सागरी मैल भरकटतं. ताफ्यात जागा राखायची असेल, किंवा शत्रूची पाणबुडी आसपास असेल, तर ते तीन मैल महाग पडतात.

मग उतरणं. हेलिकॉप्टर मागून येतं, जहाजाच्या बाजूला समांतर तरंगतं, डेकवरचा अधिकारी हाताने किंवा दिव्याने खुणा करतो. लाटांचा एक ताल असतो. काही मोठ्या लाटांनंतर थोडी उसंत येते. वैमानिक ती उसंत हेरतो, आडवा सरकून डेकच्या वर येतो आणि ठामपणे टेकवतो. हळुवार उतरायच्या मोहात डेक वर येऊन चाकांना आदळतं किंवा खाली जाऊन हेलिकॉप्टर घसरतं. टेकल्या टेकल्या माणसं धावत जाऊन साखळ्यांनी बांधतात. पाती थांबेपर्यंत धोका टळत नाही. फेरे कमी झाले की पात्यांचा ताठपणा जातो आणि वाऱ्याच्या झोताने पातं खाली झुकून शेपटीला किंवा माणसाला लागू शकतं. कामोव्हची दोन पंखाचक्रं एकावर एक, उलट दिशांनी फिरतात आणि शेपटीला पंखा नसतो. म्हणून ते आखूड असतं, छोट्या हँगरात बसतं आणि बाजूच्या वाऱ्याला कमी भितं.

रात्री सगळं बदलतं. समुद्रावर चंद्र नसेल तर क्षितिजच नसतं. कानातलं संतुलन सांगतं आपण सरळ आहोत, उपकरण सांगतं वीस अंश कलंडलोय. कानावर विश्वास ठेवणारे समुद्रात जातात. म्हणून उपकरणांवर उडण्याची परीक्षा आणि वर्गवारी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होते. करमबीर सिंग त्या वर्गवारी मंडळाचे सदस्य होते.

आणि पाण्यात पडलंच तर? इंजिन आणि गिअरबॉक्स डोक्यावर असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात उलटं होतं. कोचीला गरुडवर याचा सराव करवतात. खोट्या कॅबिनमध्ये बांधून पाण्यात सोडतात आणि उलटवतात. क्रम पक्का असतो. एका हाताने खिडकीजवळची ठरलेली कड धरायची. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत बसून राहायचं. खिडकी मोकळी करायची. पट्टा त्यानंतर सोडायचा. मग कडेवरचा हात न सोडता त्याच दिशेने बाहेर. बहुतेकांची चूक एकच: घाबरून पट्टा आधी सोडतात. मग शरीर तरंगत कॅबिनच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातं आणि खिडकी कुठे होती हेच कळेनासं होतं.

खारी हवा हाही रोजचा शत्रू. उड्डाणानंतर इंजिन आणि अंग गोड्या पाण्याने धुतलं नाही तर कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मीठ साचतं, इंजिनाची ताकद उतरते, जोडांना गंज लागतो. जहाजावर गोडं पाणी मोजूनमापून असतं, तरी ते इथे द्यावंच लागतं.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की याच गोष्टी पुढे कप्तान म्हणून कामी येतात. वाऱ्यावर जहाज कधी वळवायचं, परतणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये इंधन किती उरलं असेल, या समुद्रात उड्डाणाला नाही कधी म्हणायचं, हे पूर्वी वैमानिक असलेल्या कप्तानाला कोणी समजावून द्यावं लागत नाही.

पण तिथवर पोहोचण्याचं गणित अवघड आहे. कमिशननंतर दोन वर्षांनी लेफ्टनंट, सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर, तेरा वर्षांनी कमांडर. इथपर्यंत काळाने बढती मिळते. कॅप्टनपासून पुढे निवड. आता या तेरा वर्षांत काय काय बसवायचं ते पाहा. वॉचकीपिंग, उड्डाणाचं प्रशिक्षण, आपल्या हेलिकॉप्टरवरचं खास प्रशिक्षण, स्क्वाड्रनमधली आणि जहाजावरच्या तुकडीतली वर्षं, मग प्रशिक्षक व्हायचं असेल तर आणखी एक अभ्यासक्रम, आणि तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजसाठी जवळपास एक वर्ष. तोफखान्याचा किंवा दिशादर्शनाचा अधिकारी आपलं खास कामही जहाजावरच करतो, त्यामुळे त्याची समुद्रावरची वर्षं आपोआप जमतात. वैमानिकाचा बराच काळ किनाऱ्यावरच्या हवाई तळावर जातो. तो जहाजावर गेला की उड्डाण सुटतं. उड्डाणाचा हात फार लवकर जातो, डेकवर उतरण्याचा आणि रात्रीचा तर सर्वांत आधी. परत आल्यावर प्रशिक्षकासोबत पुन्हा तास भरावे लागतात. उलट बाजूने, उड्डाणातच रमलेल्या अधिकाऱ्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळतं की आपल्या कागदांत जहाजाची कमान नाहीच.

करमबीर सिंग यांच्या कागदांत ती भक्कम होती. जुलै १९८० मध्ये कमिशन, १९८१ मध्ये वैमानिकाचे पंख, म्हणजे छातीवरचं वैमानिकाचं चिन्ह. कमान मात्र जहाजांची: तटरक्षक दलाचं चांदबीबी, क्षेपणास्त्रवाहू कॉर्वेट (छोटी युद्धनौका) विजयदुर्ग, मग राणा आणि दिल्ली या दोन विनाशिका. जहाजं लहानापासून मोठ्यापर्यंत, जबाबदारी पायरीपायरीने वाढत गेलेली. अहमदनगरच्या चांदबीबीपासून आंग्र्यांच्या विजयदुर्गापर्यंतची नावं मराठी वाचकाला आपलीशी वाटतील. राणा ही राजपूत वर्गातली विनाशिका, म्हणजे कामोव्ह जिच्या डेकवर असायचं तो वर्ग. पश्चिमी ताफ्याचे फ्लीट ऑपरेशन्स ऑफिसर, मुंबईच्या नौदल हवाई तळावर कॅप्टन एअर, अशी किनारा आणि समुद्र यांची अदलाबदल मधे मधे आहेच. पुढे अंदमान-निकोबार कमानीचे (कमांडचे) चीफ ऑफ स्टाफ, महाराष्ट्र आणि गुजरात नौदल क्षेत्राचे प्रमुख, मग विशाखापट्टणमला पूर्व कमानीचे प्रमुख आणि तिथून दिल्ली.

अरुण प्रकाश यांचीही वाट अशीच, विमानं वेगळी. १९७१ च्या युद्धात ते हवाई दलाकडे पाठवलेले नौदल वैमानिक होते, २० स्क्वाड्रनमधून हंटर उडवत होते, आणि तिथे त्यांना वीरचक्र मिळालं. १९८३ मध्ये सी हॅरियर आले तेव्हा ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कमान त्यांच्याकडे होती. त्यानंतर विराट या विमानवाहू नौकेची कमान आणि एनडीएचं कमांडंटपद.

अमेरिकेत विमानवाहू नौकेचा कप्तान नौदलाच्या हवाई शाखेतलाच असला पाहिजे, असा कायदाच आहे. आपल्याकडे तसं नाही. विक्रमादित्य नोव्हेंबर २०१३ मध्ये दाखल झाली तेव्हाचे पहिले कप्तान सूरज बेरी हे तोफखाना आणि क्षेपणास्त्रांचे तज्ज्ञ. मला आपली पद्धत पटते. त्यामुळे वैमानिकाला राखीव जागा मिळत नाही हे खरं, पण त्यालाही विनाशिकेचं दार उघडं राहतं. राखीव जागा ठेवल्या असत्या तर वैमानिकांचा वेगळा वाडा झाला असता आणि तिथून ताफ्याच्या कमानीकडे जाणं आणखी कठीण झालं असतं.

रिअर ॲडमिरलपासून वर उड्डाण जवळजवळ संपतं. हवाई शाखेची दोन ठळक पदं वैमानिकांसाठी असतात: दिल्लीच्या मुख्यालयातलं हवाई विभागाचं पद, आणि गोव्यातलं नौदल हवाई शाखेच्या प्रमुखाचं पद, ज्याच्याकडे गोवा क्षेत्राची जबाबदारीही असते. पण व्हाइस ॲडमिरल होऊन मुंबई, विशाखापट्टणम किंवा कोचीच्या कमानीवर जायचं तर जहाजांची, माणसांची आणि पैशांच्या नियोजनाची कामं दाखवावी लागतात. वयही मागे लागलेलं असतं. रिअर ॲडमिरल ५८ ला निवृत्त, व्हाइस ॲडमिरल ६० ला, नौदलप्रमुख ६२ ला किंवा तीन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. करमबीर सिंग नोव्हेंबर १९५९ चे. म्हणून त्यांची कारकीर्द तीन वर्षांची न होता ३० नोव्हेंबर २०२१ ला, अडीच वर्षांत संपली. वरच्या पदांची निवड होताना जन्मतारीख किती बोलते, हे यावरून कळतं. सेवेतल्या सर्वांत ज्येष्ठ वैमानिकाला नौदलात 'ग्रे ईगल' म्हणतात, तो मानही त्यांच्याकडे होता.

नाशिकमधून तयारी करणाऱ्यांना आता साधनं कमी नाहीत. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आहे. मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून नाशिकमध्येच आहे. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडली. पोहणं मात्र आतापासून शिका. सावरकर जलतरण तलावात दोन उन्हाळे घालवले तर कोचीतल्या त्या उलट्या कॅबिनमध्ये श्वास धरणं थोडं सोपं जाईल.

एक बारकावा राहिला. एनडीएच्या अर्जात दलांचा पसंतीक्रम भरावा लागतो. नौदलातच जायचं पक्कं असूनही 'असू दे' म्हणून हवाई दलही भरणारे पुष्कळ असतात. मग एसएसबीत सीपीएसएस द्यावी लागते, ती बिनतयारीने दिली जाते, आणि तिथे नापास झालं की नौदलाच्या वैमानिकपदाचं दारही त्याच दिवशी बंद होतं, कारण ही चाचणी एकच आणि आयुष्यात एकदाच. पसंतीक्रम भरायच्या आधी हे घरी बसून नीट ठरवा.